पेकहॅमचे आरोग्यकेंद्र

आपल्या बोलण्यात 'प्रकृती' हा शब्द बहुधा ती बिघडली म्हणजेच येतो. डॉक्टरकडे आपण जातो ते काही दुखू-खुपू लागल्यावर, आणि डॉक्टरही पहिला प्रश्न विचारतो तो "काय होतंय?" हाच. ज्याला काहीच होत नाही अशा माणसाने दवाखान्याची पायरी चढून, "मी धडधाकट आहे, तेव्हा माझा धडधाकटपणा टिकावा कसा तेवढे सांगा," असे म्हटले, तर लोक त्याला वेड्यातच काढतील. १९२६ साली लंडनमध्ये दोन डॉक्टरांनी मात्र नेमक्या अशाच माणसांसाठी दार उघडले. त्यांची नावे जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनिस होप पिअर्स. त्यांनी केलेला उद्योग पुढे 'पेकहॅमचा प्रयोग' म्हणून जगभर गाजला. चांगल्या चाललेल्या या प्रयोगाला १९५० साली कुलूप लागले. ते का लागले, हे समजून घेणे आजही आपल्याला उपयोगाचे आहे.

पेकहॅम हा दक्षिण लंडनचा भाग. तिथे त्या काळी कारागीर, छोटे दुकानदार, कारकून अशी मंडळी राहत. ती श्रीमंत नव्हती, पण अगदी हातावर पोट असणारीही नव्हती. ही वस्ती डॉक्टरांनी मुद्दाम निवडली होती. उपाशी माणूस अशक्त का, हे सांगायला संशोधन लागत नाही. दोन वेळ पोटभर जेवणारा, नियमित पगार घेणारा माणूस तरी निरोगी असतो का, हे त्यांना पाहायचे होते. एका साध्या घरात त्यांनी कुटुंबांसाठी एक मंडळ काढले. अट एकच: सभासद व्हायचे ते सगळ्या कुटुंबाने, आणि सगळ्यांनी ठराविक मुदतीने तपासून घ्यायचे. औषधोपचार तिथे होत नसत. दोष आढळला तर तो त्या माणसाला समजावून सांगायचा आणि उपचारासाठी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा इस्पितळात जाण्याचा सल्ला द्यायचा, एवढेच.

तीन वर्षांत जे दिसले त्याने दोघेही चकित झाले. वरवर ठणठणीत दिसणाऱ्या बहुतेक माणसांत काही ना काही दोष निघाला, आणि त्यातले कितीतरी दोष त्या माणसांच्या गावीही नव्हते. थकवा हा जणू संसाराचाच एक भाग, असे धरून बायका वर्षानुवर्षे ओढगस्तीने कामे करीत होत्या. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची होती. दोष बरा झाला, तरी माणूस परत जाई ते त्याच घरात, त्याच रस्त्यावर, त्याच एकलकोंड्या दिनक्रमात. आणि काही दिवसांनी पुन्हा पहिल्यासारखाच होई. नुसती तपासणी पुरेशी नाही, आणि नुसता उपदेश तर नाहीच नाही, हे दोघांना कळून चुकले. तरुण जोडपी लग्न करून नव्या वस्तीत येत, तिथे त्यांच्या ओळखीचे कोणी नसे. कामावरून घरी, घरातून कामावर. पोहता येत नाही, नाचता येत नाही, आणि येत नाही म्हणून जिथे ते शिकता येईल तिथे जायची लाज. शरीराचे आखडणे आणि माणसाचे एकटे पडणे या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९२९ साली ते घर बंद करून त्यांनी पैसे जमवायला सुरुवात केली. आता त्यांना घर नको होते, खास या कामासाठी बांधलेली वास्तू हवी होती.

ही वास्तू १९३५ साली उभी राहिली. तिचे रचनाकार सर ओवेन विल्यम्स हे मूळचे स्थापत्य अभियंते. नॉटिंगहॅमजवळचा बूट्स कंपनीचा प्रचंड काचेचा औषध-कारखाना त्यांनीच बांधला होता. कारखान्यात उजेड भरपूर हवा, खांब कमीत कमी हवेत, माणसांना आणि मालाला इकडून तिकडे जाताना अडथळा नको, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तीच विद्या त्यांनी इथे वापरली; फरक इतकाच की इथून बाहेर पडायचा माल म्हणजे माणसांच्या ओळखी.

इमारत तीन मजल्यांची, सिमेंट-काँक्रीटची. तिच्या मधोमध पोहण्याचा मोठा तलाव आणि त्याच्यावर काचेचे छप्पर. आपल्या जुन्या वाड्यात जसा चौक, तसा इथे तलाव. सगळे व्यवहार त्याच्याभोवती. पहिल्या मजल्यावर उपाहारगृह. तिथे चहा घेत बसले की काचेतून खाली पोहणारी माणसे दिसत. दुसऱ्या बाजूंना व्यायामशाळा आणि नाट्यगृह. आतल्या भिंतीसुद्धा शक्य तिथे काचेच्या. समोरच्या बाजूच्या मोठ्या खिडक्या चांगल्या हवेत सबंध उघडता येत. तळमजल्यावर लहान मुलांची सोय, सर्वांत वर डॉक्टरांच्या खोल्या. उपाहारगृहात वाढपी नव्हते. ज्याने त्याने उठून आपला पेला आपण आणायचा. यात काटकसर होतीच, पण हेतू दुसराही होता. माणूस जागचा उठला म्हणजे चार टेबलांजवळून जातो, आणि चार टेबलांजवळून गेला म्हणजे कुणाला तरी "कसं काय?" म्हणतो.

आता ही सगळी योजना कशी काम करी ते पाहा. समजा, एक तरुण आई बाबागाडी ढकलीत तिथे आली. बाबागाडी ढकलीत चालत येता यावे, म्हणून तर सभासदत्व जवळपास मैलभराच्या आतल्या कुटुंबांपुरतेच ठेवले होते. मूल खाली सोपवून ती वर चहाला बसली. काचेतून तिला तलाव दिसतो आहे. तलावात कोणी पटाईत पोहणारा सफाईने उडी मारतो. ते पाहून तिला कौतुक वाटते, पण आपण पाण्यात उतरावे असे काही वाटत नाही. उलट, "हे आपले काम नव्हे," असेच वाटते. मग तिला दिसते तिच्याच गल्लीतली, तिच्याच वयाची, जरा लठ्ठच असलेली एक शेजारीण. ती धडपडत, नाकातोंडात पाणी जात, पण हसत हसत तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालली आहे. हे मात्र तिच्या मनात घर करते. तिला जमते, मग मला का जमू नये? पुढच्या आठवड्यात ती पाण्यात असते, आणि तिच्याकडे पाहणारी तिसरीच कोणी वर चहा घेत असते.

पेकहॅमच्या डॉक्टरांनी पुनःपुन्हा सांगितले ते हेच. तज्ज्ञाचे कसब पाहून माणूस टाळ्या वाजवतो. स्वतः हातपाय हलवतो तो आपल्यासारख्याला हलवताना पाहून. म्हणून तिथे शिकवण्या, स्पर्धा, बक्षिसे यांवर भर नव्हता. सामान तयार, जागा तयार, आणि आत काय चालले आहे ते बाहेरून दिसते आहे. पुढचे ज्याचे त्याने ठरवायचे. कोणाला बॅडमिंटन, कोणाला नाच, कोणाला नाटक, कोणाला शिवणकाम. नुसते चहा घेत बसून राहायचे असेल तर तसे बसायलाही पूर्ण मोकळीक होती.

ही मोकळीक टिकवणे सोपे नव्हते, हे मात्र सांगितले पाहिजे. सुरुवातीचे काही महिने मुलांनी त्या नव्याकोऱ्या इमारतीत हैदोस घातला. धावाधाव, आरडाओरडा, जिन्यांवरून घसरणे, मोडतोड. शिस्त लावा, माणसे नेमा, नियम करा, असा आग्रह झाला. विल्यमसन यांनी तो मानला नाही. मुलांवर हुकूम चालवणारे माणूस नेमायचे नाही. त्याऐवजी, मुलाला जे करावेसे वाटते ते करायची वाट मोकळी करून द्यायची, असे ठरले. ल्यूसी क्रॉकर नावाच्या तरुण सहकारी होत्या. मुलांच्या हाती योग्य वेळी योग्य साधन पडते ना, हे पाहणे हे त्यांचे काम. तिथे चिठ्ठीची एक साधी पद्धत होती. मुलाने यायचे, काय हवे ते सांगायचे, सही केलेली चिठ्ठी घ्यायची आणि तलावावर, व्यायामशाळेत किंवा चाकाचे बूट घ्यायला जायचे. चिठ्ठीमुळे मुलाला आपले आपण ठरवायची सवय लागे, मोठ्यांची आणि त्याची ओळख होई. आणि कोणते मूल काय करते याची नोंदही आपोआप होई. हळूहळू गोंगाट ओसरला. व्यायामशाळेत एकाच वेळी पुष्कळ मुले दोरांना लोंबकळत, उड्या मारत, एकमेकांच्या मधून पळत. शिक्षक कोणी नाही, तरी टक्कर क्वचितच होई. आपले अंग आणि दुसऱ्याचे अंग यांच्यातले अंतर त्यांना बरोबर उमगू लागले होते.

वर्गणी होती कुटुंबामागे आठवड्याला एक शिलिंग. तेवढ्यात मुलांना सर्व मोफत. मोठ्यांनी खेळाप्रमाणे थोडे वर द्यायचे. दान म्हणून काही घ्यायचे नाही, आपल्या मंडळाचा खर्च आपण सोसायचा, हा बाणा. केंद्राच्या मालकीची व्यवस्था असलेल्या शेतावरून ताजे दूध आणि भाजीपालाही येई. पुढच्या वर्षांत जवळजवळ चार हजार माणसांची तपासणी झाली. तिचा निष्कर्ष पहिल्या घरातल्यासारखाच निघाला: दहांत जेमतेम एक माणूस दोषरहित. रक्तातले लोह कमी असणे तर सर्रास आढळले. १९४३ साली, युद्ध चालू असतानाच, पिअर्स आणि क्रॉकर यांनी या सगळ्याचा वृत्तांत 'द पेकहॅम एक्सपेरिमेंट' या पुस्तकात दिला आणि केंद्राची कीर्ती दूरवर पसरली.

कीर्ती झाली म्हणून दोष झाकायचे कारण नाही. इमारत आखली होती दोन हजार कुटुंबांसाठी; सभासद झालेली कुटुंबे सुमारे साडेनऊशे. हिशेब जुळण्यासाठी जी संख्या लागत होती ती कधीच गाठली गेली नाही. सभासद व्हायचे ते कुटुंबाने, असा नियम असल्यामुळे ज्याला कुटुंबच नाही असा एकटा माणूस बाहेर राहिला. आणि सोबतीची गरज त्याला सगळ्यांत जास्त. शिवाय ज्या काचेतून शेजारी शेजाऱ्याला पाहत होता, त्याच काचेतून डॉक्टरही सगळ्यांना पाहत होते. ते स्वतःला जीवशास्त्रज्ञ म्हणवीत आणि सभासदांचे निरीक्षण हा त्यांच्या संशोधनाचा उघड भाग होता. लोकांना हे माहीत होते आणि त्यांनी ते मान्य केले होते, तरी आजच्या माणसाला इतके पाहिले जाणे रुचेलच असे नाही. आणखी एक उणीव शास्त्राच्या बाजूची. केंद्रात येणारी कुटुंबे आणि न येणारी तशीच कुटुंबे यांची काटेकोर तुलना तिथे झाली नाही. जे दिसले ते मनापासून नोंदले गेले. त्याचे माप घेतले गेले नाही. पुढे ही गोष्ट महागात पडली.

१९३९ साली युद्ध सुरू झाले आणि केंद्र बंद झाले. कुटुंबे पांगली, इमारतीत युद्धसाहित्याचा कारखाना आला. युद्ध संपल्यावर जुन्या सभासदांनीच उचल खाल्ली. जागा साफसूफ करून १९४६ साली केंद्र पुन्हा चालू झाले. चालू झाले खरे, पण भोवतालचे जग बदलले होते. त्याच सुमारास नवी जागतिक आरोग्य संघटना जन्माला येत होती. तिची घटना १९४८ च्या एप्रिलात अमलात आली. नुसता रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, शारीरिक, मानसिक आणि सामाजिक असे सर्वांगीण स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, अशी व्याख्या तिने केली. पेकहॅमचे डॉक्टर वीस वर्षे तेच तर म्हणत होते! त्याच वर्षी ५ जुलैला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. गरिबाला आणि श्रीमंताला सारखाच, मोफत उपचार देणारी ही सेवा म्हणजे त्या देशाचे फार मोठे पुण्यकर्म, यात शंका नाही.

पण या नव्या सेवेच्या खातेवहीत पेकहॅमसाठी रकाना सापडेना. सेवा होती आजाऱ्यांसाठी. केंद्र होते धडधाकटांसाठी. सेवा सर्वांना खुली. केंद्र मैलभरातल्या कुटुंबांपुरते. सेवा मोफत, केंद्रात आठवड्याला शिलिंग. सेवेचा कारभार वरून चालायचा. केंद्र स्वतःच्या कारभारात कोणाचा हात घालू द्यायला तयार नव्हते. यातले एकही कारण खोटे किंवा दुष्टपणाचे नव्हते. प्रत्येक नियम आपापल्या जागी बरोबर होता, आणि त्या बरोबर नियमांच्या मधल्या फटीत एक चांगली संस्था अडकली. खर्च भागेना, मदत मिळेना. १९५० साली केंद्र कायमचे बंद झाले. इमारत लंडनच्या कौंटी कौन्सिलने घेतली, पुढे अनेक वर्षे तिथे वर्ग वगैरे भरत राहिले. आता ती संरक्षित वास्तू आहे आणि तिच्यात लोकांची राहती घरे आहेत. विल्यमसन १९५३ साली वारले. पिअर्सबाई १९७८ पर्यंत होत्या, आणि शेवटपर्यंत त्या याच विषयावर लिहीत राहिल्या.

आता काळाचा योग पाहा. विल्यमसन गेले त्याच १९५३ साली, त्याच लंडनमध्ये, जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी एक निबंध प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दोन माणसे काम करीत. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा, दर पाळीला सुमारे सहाशे पायऱ्या. गाडी तीच, रस्ता तोच, पगारही फारसा वेगळा नाही. मॉरिस यांनी पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे एकतीस हजार माणसांच्या नोंदी तपासल्या, आणि कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होतो, असे दाखवले. चालत फिरणारे पोस्टमन आणि खुर्चीत बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक आढळला. मॉरिस हे सावध गृहस्थ. जाडजूड माणसेच ड्रायव्हर होत असतील तर काय, अशी शंका घेऊन १९५६ साली त्यांनी चक्क गणवेशांची मापे तपासली. नोकरीला लागतानाच ड्रायव्हरांची कंबर थोडी जास्त होती, हे निघाले आणि त्यांनी ते स्वतःच छापले. तरीही पुढच्या संशोधनाने मूळ मुद्दा पक्का केला: अंग हलते ठेवणे हृदयाला हितकारक असते.

पेकहॅमला जे जमले नाही ते मॉरिस यांनी केले, त्यांनी मोजले. आणि मॉरिस यांच्या आकड्यांत जे नव्हते ते पेकहॅमपाशी होते. कंडक्टर जिना चढे तो पोटासाठी. ज्याच्या नोकरीत जिना नाही त्याने आपखुशीने का चढावे, आणि चढत राहावे, हा प्रश्न पेकहॅमचा. आज रचनाकार आणि आरोग्यखाती या दोन धाग्यांची गाठ मारू पाहत आहेत. २०१० साली न्यूयॉर्क शहराने बांधकाम, आरोग्य, वाहतूक आणि नगररचना या खात्यांच्या एकत्र विचाराने इमारती व रस्त्यांसाठी मार्गदर्शक सूत्रे काढली. जिना कोपऱ्यात दडवू नका. आत येणाऱ्याला तो आधी दिसू द्या, त्याला उजेड द्या, तो देखणा करा. पादचाऱ्याला चालावेसे वाटेल असा पदपथ द्या, असे त्यांत सांगितले आहे. ओवेन विल्यम्स यांनी त्याच्या पंचाहत्तर वर्षे आधी काचेत आणि काँक्रीटमध्ये जे मांडले, त्याच्याशी याचे नाते सहज ओळखू येते.

मात्र जिना दिसला म्हणजे काम झाले, असे पेकहॅमची हकीकत सांगत नाही. जिन्यावर आपल्या ओळखीचे कोणी असले पाहिजे. तलाव असून भागत नाही. त्यात धडपडणारी शेजारीण दिसावी लागते, आणि आपण धडपडलो तर कोणी हसणार नाही, हा भरवसा वाटावा लागतो. उद्यानात व्यायामाची साधने बसवणे सोपे असते, त्यांचे उद्घाटनही होते. त्यांच्याशेजारी बसायला सावलीतला बाक आहे का, आजोबा तिथे बसलेले असताना नातवाला हुंदडायला जागा आहे का, कामावरून परतणाऱ्या बाईला घराच्या वाटेवरच ती जागा लागते का, आणि एकट्या माणसालाही तिथे परके वाटू नये अशी सोय आहे का, हे विचारायचे बहुधा राहून जाते.

आणि शेवटचा प्रश्न पैशाचा. इस्पितळातल्या खाटा मोजता येतात, औषधांचा हिशेब ठेवता येतो. जो माणूस आजारी पडलाच नाही, जी बाई एकटी राहिली नाही, त्यांची नोंद कोणत्या खात्यात करायची, हे १९५० साली लंडनला ठरवता आले नाही. हा पेच त्यांचाच होता असे नाही. जिथे जिथे आरोग्याचे अंदाजपत्रक तयार होते, तिथे तो आजही उभा राहतो. पुढच्या वेळी आपल्या वस्तीत मोकळ्या जागेचे काय करायचे याची सभा भरेल, तेव्हा तिथे कोणीतरी उठून या साडेनऊशे कुटुंबांची आठवण करून द्यायला हरकत नाही.